नाशपाती माजली आहे, फळ मात्र नाही: वाढ आवरायची कशी?

रानवाट
नाशपातीची बाग आहे. झाडं ९ वर्षांची, बियांपासून वाढवलेल्या खुंटावर कलम केलेली, अंतर ५ × ४ मीटर. मुख्य जात बार्टलेट, परागीकरणासाठी मध्येमध्ये सेकेल. झाडांची उंची ६ मीटरच्या पुढे गेली आहे. दर वर्षी पानगळीनंतर छाटणी होते आणि वर्षभरात आलेल्या काड्या निम्म्यावर कापल्या जातात. पुढच्या हंगामात त्याच जागी ३-४ सोट उभे, प्रत्येकी मीटर-सव्वा मीटर. आतली बाजू काळोखी. फुलं फक्त टोकाला आणि बाहेरून, आणि त्यातलीही बरीचशी फळ न धरता गळतात. पाणी ठिबकने, खत म्हणून दर झाडाला ३० किलो शेणखत आणि डोळे फुटताना ४०० ग्रॅम युरिया.

छाटणी आणखी कडक करावी, की वाढ रोखणारं औषध फवारावं? खर्च कुठे करायचा ते आधी ठरवायचं आहे.

शेंडा
छाटणी आणखी कडक करू नका. आत्ता जे दिसतंय ते बऱ्याच अंशी त्या छाटणीचंच फळ आहे.

झाडाची मुळं तेवढीच राहतात, त्यांच्यातला साठाही तेवढाच, आणि वरचे डोळे मात्र निम्मे होतात. तो सगळा जोर उरलेल्या डोळ्यांत जातो. शिवाय शेंडा कापला की खालच्या डोळ्यांवरचा त्याचा दाब उठतो, म्हणून कापाच्या लगेच खालचे तीन-चार डोळे एकदम उभे धावतात. नाशपातीत हे सफरचंदापेक्षा जास्त जाणवतं, कारण तिची वाढण्याची सवयच सरळ वर जाण्याची.

दुसरं नुकसान फळाचं. नाशपाती मुख्यतः दोन वर्षांच्या आणि त्याहून जुन्या लाकडावर, आखूड सुरकुतलेल्या फळकाड्यांवर, म्हणजे स्परवर, धरते. यंदाची काडी तशीच राहिली, तर पुढच्या वर्षी तिच्यावर स्पर बसतात आणि त्यानंतर फुलं येतात. दर वर्षी ती काडी निम्म्यावर मारली की झाड कायम पहिल्याच वर्षात राहतं.

काडी ठेवायची तर पूर्ण ठेवा. काढायची तर जिथून फुटली तिथून काढा. अर्ध्यावर कापणं बंद.

खुंटकलम
शेंडा यांच्याशी सहमत. पण रानवाट, तुमच्या लिहिण्यात दोन वेगळ्या तक्रारी आहेत. फुलं कमी येतात ही एक, आलेली फुलं धरत नाहीत ही दुसरी. दोन्हींचे उपाय वेगळे.

आणि सेकेलबद्दल कुणी काही म्हणालं नाही म्हणून लिहितो: बार्टलेट आणि सेकेल एकमेकांना फळवत नाहीत. दोन्ही एकाच वेळी फुलल्या, मधमाश्याही भरपूर असल्या, तरी या जोडीत परागनळी तग धरत नाही. म्हणजे तुमच्या बागेत परागीकरणासाठी लावलेलं झाड त्या कामाचंच नाही.

याचा वाढीशी थेट संबंध आहे. झाडावर फळ असलं की पानांत तयार होणारी साखर तिकडे ओढली जाते आणि शेंडा लवकर थांबतो. फळ नसलं की तोच जोर लाकडात जातो, झाड दाट होतं, सावली वाढते, पुढच्या वर्षी फुलं आणखी कमी. झाडाला फळासारखा दुसरा लगाम नाही.

आधी दोन तपासण्या करा. झाड झोपेत असताना वेगवेगळ्या उंचीवरचे, आतले-बाहेरचे मिळून १०० स्परचे डोळे घ्या आणि ब्लेडने उभे चिरा. फुलाचा डोळा जाड, गोलसर, मधे फुगलेला असतो. आत फिकट हिरवे बारीक मणी एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात, तीच फुलं. पानाचा डोळा निमुळता, टोकदार, आत नुसत्या घड्या. भिंग असलं तर शंका राहत नाही.

दुसरी तपासणी हंगामात. धरलेली काही फळं आडवी कापून बिया मोजा. पाच कप्पे, प्रत्येकात दोन, म्हणजे जास्तीत जास्त १० बिया. भरलेल्या काळ्या बिया एक-दोनच असतील किंवा सगळ्या पोचट असतील, तर परागीकरण कमी पडतंय. बार्टलेट काही हवामानात बीविरहित फळ धरते, म्हणून फळ दिसलं एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

रानवाट
डोळे चिरून पाहिले. वरच्या भागातल्या ५० स्परपैकी २९ फुलाचे. आतल्या आणि खालच्या ५० पैकी फक्त ६. सेकेलचं माहीतच नव्हतं. ती झाडं उपटावी लागतील का?

खुंटकलम
उपटू नका. सेकेलच्या फांद्यांवरच बॉस्क, आंजू किंवा कॉमिस यांपैकी जी तुमच्याकडे बार्टलेटच्या वेळेला फुलते तिचं कलम करा. एक गोष्ट सांभाळा: कुठे विल्यम्स नावाचं रोप देऊ केलं तर घेऊ नका, विल्यम्स आणि बार्टलेट ही एकच जात. आशियाई नाशपाती साधारणपणे आधी फुलतात, त्यांच्या भरवशावर राहता येत नाही.

कलमाला फुलं येईपर्यंत तात्पुरता उपाय म्हणजे दुसऱ्या जातीच्या फुललेल्या फांद्या आणून, पाण्याच्या बादलीत उभ्या करून झाडांमध्ये ठेवायच्या. पाणी रोज बदलायचं, फांद्या कोमेजल्या की नव्या आणायच्या.

मधमाश्यांचं: नाशपातीच्या मधुरसात साखर फार कमी असते, त्यामुळे जवळपास दुसरं काही फुललेलं असेल तर माश्या तिकडे जातात. पेट्या फुलोऱ्याच्या आधी आणून ठेवू नका. ५ ते १० टक्के फुलं उघडली की आणा, हेक्टरी किमान ४-५. ओळींमधलं फुललेलं तण त्याआधीच कापून टाका.

शेंडा
आत ५० पैकी ६ म्हणजे सावली. स्परला भर उन्हाच्या साधारण ३० टक्क्यांहून कमी उजेड मिळाला की फुलाचा डोळा बनत नाही, आणि असेच दोन-तीन हंगाम गेले की तो स्पर मरतो. मेलेला स्पर परत येत नाही, म्हणून आत उजेड पाडायला उशीर करू नका.

या वर्षीची छाटणी अशी करा. प्रत्येक झाडाच्या वरच्या अर्ध्या भागातल्या सगळ्यात जाड दोन, फार तर तीन फांद्या खोडापासून काढा. कापताना फांदीच्या बुडाची फुगीर कड राखा, खोडाला घासून कापू नका. बस. २०-२५ बारीक काप देण्यापेक्षा दोन मोठे काप बरे, त्यांनी उजेड जास्त पडतो आणि फुटवे कमी येतात. एका हिवाळ्यात पाचव्या भागापेक्षा जास्त लाकूड उतरवू नका. ६ मीटरचं झाड ४ मीटरवर आणायला तीन वर्षं धरा.

उंची कमी करताना सपाट माथा मारू नका. तिथे झाडूसारखा गुच्छ फुटतो आणि खाली पूर्वीपेक्षा जास्त अंधार होतो. खाली एखादी कमजोर, आडव्या अंगाची फांदी शोधा आणि तिच्या वर नेता (मधला मुख्य शेंडा) कापा. ओळींमधलं अंतर ५ मीटर आहे, तेव्हा उंची ४ ते साडेचारच्या वर ठेवण्यात अर्थ नाही, शेजारच्या ओळीवर सावली पडते.

पानदेठ
या धाग्यात पानसोटांची, म्हणजे जोमाने सरळ उभ्या वाढणाऱ्या फुटव्यांची, गोष्ट राहिली. मोठ्या कापांभोवती पानसोट येणारच. ते पुढच्या हिवाळ्यापर्यंत ठेवून सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) कापले, तर बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून दोनाचे चार होतात.

ते हाताने उपटायचे. पाकळी गळून गेल्यावर पाच-सहा आठवड्यांनी सोट वीतभर झालेला असतो, बूड अजून हिरवं आणि पाणीदार. अंगठा सोटाच्या वरच्या कुशीत दाबून एका झटक्यात खाली ओढायचा. नीट निघाला तर टाचेसकट निघतो आणि बुडाचे झोपलेले डोळे बरोबर जातात. जखम बोटाच्या पेराएवढी, कडा साफ, काही दिवसांत कोरडी पडते. साल खाली लांब सोलली जात असेल तर उशीर झालाय, मग कात्रीच वापरा.

सगळे मात्र ओढू नका. दर हात-दीड हातावर एक कमजोर, तिरपा फुटवा ठेवा. तोच पुढे स्पर धरणारा, आणि त्याच्या पानांची सावली उघड्या फांदीला उन्हाने भाजण्यापासून वाचवते. जिथे फांदीची पाठ अगदीच उघडी पडली असेल तिथे चुना लावा.

ओलावा
फांद्या वाकवण्याबद्दलही लिहायला हवं. उभी फांदी वाढते, तिरपी फांदी फुलते. पेन्सिलीच्या जाडीपासून अंगठ्याच्या जाडीपर्यंतच्या फांद्या रस चढायला लागल्यावर वाकवा. नाशपातीचं लाकूड ठिसूळ असतं, थंडीत वाकवलं तर कुशीतून चिरतं. आधी फांदी दोन्ही हातांत धरून दोन-तीनदा हळू पीळ द्या, मग दोरी बांधा. दोरी फांदीभोवती सैल फास करून, नाहीतर वर्षभरात साल कापते.

किती वाकवायची हेच बहुतेक ठिकाणी चुकतं. जमिनीला समांतर रेषेपेक्षा टोक ३० अंश वर राहिलं पाहिजे. पूर्ण आडवी केली, किंवा कमान होऊन टोक खाली आलं, की कमानीच्या माथ्यावर पानसोटांची रांग उभी राहते. म्हणजे जे टाळायचं तेच ओढवून घेतलं. फांदी बुडापासून वाकली पाहिजे, मधूनच नाही. मनगटाएवढ्या फांद्यांच्या नादी लागू नका, त्या काढायच्या किंवा तशाच ठेवायच्या.

मातीनाती
इथे युरियाचा विषय पुढे आणतोय, कारण बाकी सगळं नीट करून खत तेच ठेवलं तर फरक पडणार नाही.

मीटरभर शेंडा काढणाऱ्या फळत्या झाडाला नत्र द्यायचंच नाही. फळत्या नाशपातीची वर्षाची शेंडावाढ २० ते ४० सेंटिमीटर असली की पुष्कळ. मोजायची सोपी रीत: काडीच्या टोकाकडून खाली या, सालीवर बारीक कड्यांचा पट्टा लागतो. मागच्या हिवाळ्यातला शेंड्याचा डोळा जिथे होता त्याची ती खूण. तिथून टोकापर्यंत यंदाची वाढ. खांद्याच्या उंचीवर, झाडाच्या चार बाजूंच्या, अशा १० झाडांच्या काड्या मोजा.

युरिया पूर्ण बंद. शेणखतही दोन वर्षं बंद, कारण ३० किलोतून नत्र हळूहळू सुटत राहतं आणि ऐन फळाच्या वेळी शेंडा चालू ठेवतं. शेंडावाढ ४० च्या खाली आली की पान तपासून मग ठरवा. नमुना काडीच्या मधल्या पानांचा, देठासकट, शेंडा थांबायच्या सुमारास, ६०-७० पानं. नत्र सव्वादोन ते अडीच टक्क्यांच्या आसपास असेल तर काही घालू नका.

झाडाखालची माती सध्या पूर्ण स्वच्छ ठेवत असाल तर तेही सोडा. ओळींमध्ये गवत येऊ द्या आणि झाडाखालचा मोकळा पट्टा अरुंद करा. गवत नत्र आणि पाणी दोन्ही ओढतं. द्विदल पीक मात्र पेरू नका, ते उलट नत्र घालतं.

जास्त नत्राचं आणखी एक नुकसान. कोवळा लुसलुशीत शेंडा नाशपातीच्या सिला किडीला हवाच असतो, आणि फायर ब्लाइट (शेंडे करपवणारा जिवाणूजन्य रोग) असलेल्या भागात तो रोग अशाच शेंड्यातून आत उतरतो.

रानवाट
शेंडावाढ मोजली, सरासरी ९६ सेंटिमीटर. युरिया बंद करतो. पाण्याचं काय? आणि औषधाबद्दल कुणीच बोललं नाही.

ओलावा
पाण्याने वाढ आवरता येते, पण वेळ चुकली तर फळ बारीक राहतं.

नाशपातीत शेंड्याची वाढ हंगामाच्या पहिल्या भागात जोरात असते, आणि फळाचं वजन वाढतं ते बहुतेक शेवटच्या दीड-दोन महिन्यांत. त्या मधल्या काळात पाणी तोडायचं. ऑस्ट्रेलियातल्या ताटुरा इथे १९८० च्या दशकात बार्टलेटवरच हे काम झालं आहे, नियंत्रित तुटीचं सिंचन म्हणून ते ओळखलं जातं.

फुलोऱ्यात आणि त्यानंतरचे पाच-सहा आठवडे पाणी पूर्ण द्या, तेव्हा फळातल्या पेशींची संख्या वाढत असते. मग फळ फुगायला लागेपर्यंत नेहमीच्या निम्म्यावर आणा. दर आठवड्याला १० खुणेच्या फळांचा घेर मोजा. घेर झपाट्याने वाढायला लागला की त्याच दिवशी पाणी पूर्ववत करा. उशीर झाला तर ते फळ मागचं भरून काढत नाही.

खोल काळ्या जमिनीत किंवा त्या काळात पाऊस असेल तर हा उपाय चालत नाही. मुळं खालून पाणी घेत राहतात आणि फुकट चार आठवडे जातात.

खुंटकलम
औषधाबद्दल. प्रोहेक्साडिओन-कॅल्शियम हे वाढ रोखणारं औषध नाशपातीसाठी अनेक देशांत नोंदलेलं आहे. झाडातलं जिबरेलिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, बनण्याची शेवटची पायरी ते अडवतं, त्यामुळे पेरं आखूड राहतात. पहिली फवारणी शेंडे ५-७ सेंटिमीटरचे असताना, साधारण पाकळी गळतानाच. शेंडे वीतभर झाल्यावर फवारलं तर पैसे वाया, झालेली वाढ ते मागे घेत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, मात्रा आणि फवारण्यांची संख्या लेबलप्रमाणे.

चुकतं ते पाण्यात. जड पाण्यातलं कॅल्शियम औषध बांधून टाकतं, म्हणून टाकीत आधी अमोनियम सल्फेट विरघळवायचं, औषधाच्या वजनाइतकं, आणि मग औषध. कॅल्शियम क्लोराइड किंवा कॅल्शियम नायट्रेटच्या फवारणीत कधीच मिसळू नका. फळ धरण्यासाठी जिबरेलिन फवारत असाल तर दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध काम करतात.

आणि काही जातींत त्याने पुढच्या वर्षीचा फुलोरा कमी होतो, फळही बारीक होऊ शकतं. आत ५० पैकी ६ डोळे असलेल्या बागेत मी ते पहिल्या वर्षी वापरणार नाही. आधी चार झाडांवर बघा.

पॅक्लोब्युट्राझोल मातीत ओतायचा सल्ला कुणी दिला तर नको म्हणा. ते जमिनीत महिनोन्‌महिने राहतं आणि मात्रा जास्त झाली तर परत काढता येत नाही. क्लोरमेक्वाटचंही तसंच: ते झाडाच्या लाकडात साठतं आणि फवारणी थांबवल्यानंतरच्या हंगामातल्या फळातही अंश सापडतात.

शेंडा
औषधाआधी मुळांची छाटणी का नको? ट्रॅक्टरचं पातं खोडापासून ६० ते ९० सेंटिमीटरवर, ३० ते ४५ सेंटिमीटर खोल, ओळीच्या एका बाजूने. डोळे फुगण्यापासून फुलोऱ्यापर्यंत. वाढ त्याच हंगामात उतरते.

मातीनाती
६ मीटरच्या झाडाला आधार नसताना मुळं कापली तर वाऱ्यात कलंडतं. शिवाय यंदा नत्र बंद, पाणी कमी आणि वर मुळं कापली तर फळ बोराएवढं राहील. तीन लगाम एकदम ओढू नका.

शेंडा
आधार आणि पाणी हे दोन्ही मुद्दे मान्य. एका वर्षी एकच बाजू, दुसरी बाजू पुढच्या वर्षी, आणि कापल्यावर पाणी तोडायचं नाही असं म्हणतो. उंची उतरल्यावर, गरज राहिली तर.

पानदेठ
गर्डलिंग, म्हणजे खोडाच्या सालीला काप देणं, हाही उपाय आहे. खोडाला पूर्ण वलय न काढता दोन अर्धवर्तुळं, विरुद्ध बाजूंना, एकमेकांपासून १०-१५ सेंटिमीटर वर-खाली. धारदार चाकूने फक्त साल कापायची, लाकडाला लागता कामा नये, साल काढून टाकायची नाही. पाकळी गळल्यावर दोन-तीन आठवड्यांत. काप चिकटपट्टीने झाकायचा. पिवळट, अशक्त किंवा ५ वर्षांखालच्या झाडाला अजिबात नाही, आणि फायर ब्लाइटच्या भागात हा उपाय विसरा, प्रत्येक उघडी साल त्या जिवाणूला दार आहे. अशा भागात साध्या छाटणीतही रोगट काडी दिसणाऱ्या डागाच्या ३० सेंटिमीटर खाली, कोरड्या दिवशी कापायची आणि दर कापानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसायची.

हिरवीपायवाट
थोडं वेगळं विचारते. आमच्याकडे क्विन्स या वाढ आवरणाऱ्या खुंटावरची झाडं आहेत, सहा वर्षं आटोक्यात होती. गेल्या दोन वर्षांत ओळीतली काही झाडंच एकदम दुप्पट जोराने वाढतायत. खत-पाणी सगळ्यांना सारखं.

खुंटकलम
ताई, त्या झाडांच्या बुडाशी माती उकरून कलमाचा जोड कुठे आहे ते पाहा. भर घालताना किंवा खत टाकताना जोड पुरला गेला, की वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात आणि क्विन्सचा आवर संपतो. जोडाच्या वरून निघालेली जाड मुळं दिसली की तेच. माती जोडाच्या खाली १० सेंटिमीटरपर्यंत मोकळी करा आणि ती मुळं कापा, पण सगळी एका वर्षात नाही. क्विन्सची मुळं इतकी वर्षं मागे पडलेली असतात, झाड हलायला लागतं. दोन हंगामांत कापा, आधाराला खांब द्या.

हिरवीपायवाट
उकरलं. चारही झाडांचा जोड मातीखाली आहे, वर बोटभर जाडीची मुळं. बाकीच्या झाडांचा जोड उघडा आहे. धन्यवाद.

रानवाट
यंदाचा बेत असा: वरच्या दोन फांद्या काढणं, शेंडे मारणं बंद, नत्र बंद, सोट उपटणं, सेकेलवर बॉस्कचं कलम. जमीन खोल आहे म्हणून पाण्याला हात लावत नाही. फळ धरलं तर विरळणी नेहमीसारखी करू का?

शेंडा
खालच्या भागात नेहमीसारखी, गुच्छात एक फळ. वरच्या भागात गुच्छात दोन-दोन ठेवा, फळ थोडं बारीक आलं तरी. तिथे जोर जास्त आहे, तो फळांनाच खाऊ द्या, आणि वजनाने त्या फांद्या आपोआप खाली येतील. तुटतील असं वाटलं तर टेकू द्या.

खुंटकलम
आणि पुढच्या फुलाचा डोळा फुलोऱ्यानंतर साधारण दोन महिन्यांनी ठरतो. यंदा पाडलेला उजेड पुढच्या फुलोऱ्यात दिसेल, या वर्षीच्या फुलांवर त्याचा हिशोब करू नका. येत्या पानगळीनंतर त्याच झाडांचे आतले ५० डोळे पुन्हा चिरा आणि इथे आकडा टाका.